सोमवारी पेपर असलेला माणूस

रविवारी सकाळी सहाला नागपूरच्या इतवारीत घराबाहेर दोनच प्रकारची माणसं दिसतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेली आणि सोमवारी पेपर असलेली. पहिल्यांच्या पायात पांढरे बूट असतात आणि चेहऱ्यावर काळजी असते. दुसऱ्यांच्या पायात स्लिपर असते आणि काळजी ते घरी आईकडे ठेवायला देऊन आलेले असतात.

आपला माणूस दुसऱ्या प्रकारातला. त्याला नाव द्यायची गरज नाही. तीन नल चौकात उभं राहून "अबे, पेपर उद्याच आहे ना?" असं मोठ्यानं विचारा, चार मुंड्या वळतील. त्यातली कुठलीही चालेल. वय वीस. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, चौथं सेमिस्टर. पहिल्या सेमिस्टरमधल्या एका विषयाशी संबंध अद्याप तुटलेले नाहीत. वडील किराणाओळीतल्या एका पेढीवर मुनीम. घर जुनं, खाली दुसऱ्याचं गोदाम, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. उद्याचा पेपर कॉस्टिंगचा.

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा दोन, उन्हाळी आणि हिवाळी. परीक्षेला ऋतूचं नाव देण्यामागे कोणाचा काय हेतू असेल तो असो, विद्यार्थ्याला त्यात एक आधार सापडतो. पेपर बिघडला तर निम्मा दोष हवामानाकडे जातो, आणि मे महिन्यात नागपूरचं हवामान तो आनंदानं पत्करतं. पारा ४५ ला टेकलेला, नवतपा तोंडावर, रात्रीचे दहा वाजले तरी भिंतीला पाठ लावता येत नाही. अशा दिवसांत कॉस्टिंग करणाऱ्या माणसाबद्दल मत बनवण्यापूर्वी बाहेरगावच्या वाचकांनी एकदा दुपारी दोनला सराफ्यातून चालत जाऊन यावं.

त्याचा रविवार शनिवारी रात्रीच सुरू होतो, वेळापत्रकानं. पट्टी लागते, तीन रंगांचे स्केचपेन लागतात, आणि पाठकोरा कागद शोधण्यात अर्धा तास जातो. पाच ते सात युनिट एक, लाल. सात ते साडेसात आंघोळ व नाश्ता, निळा. पुढे दिवसभर असेच रंग, रात्री दहाला हिरव्यात 'रिव्हिजन' आणि वर मधोमध 'श्री'. रेघा इतक्या सरळ, की उद्या कॉस्ट शीट अशी आखली तर तपासणारे नुसत्या आखणीचे दोन मार्क देतील. हे होईस्तोवर साडेबारा वाजतात आणि दिवसभर अभ्यास केल्याचा थकवा अंगात उतरतो.

तरी तो पाचला उठतो. हे लोकांना खोटं वाटतं, पण आई साक्षीदार आहे. पाचला कूलरचं पाणी संपतं आणि पंखा गरम हवा फेकू लागतो. दोन बादल्या ओतून झाल्या की झोप गेलेली असते. मग समोर पुस्तक असल्यामुळे तो ते उघडतो. आई तेवढ्यात येऊन पाहते. "बाबू, उठला का रे अभ्यासाले? चहा ठेवू?" या एका दृश्यावर ती माउली पुढचा सगळा दिवस काढते. दुपारी जाऊबाईचा फोन येतो तेव्हा सांगते, "पाचपासून बसला आहे हो." पाचला तो बसला होता, हे खरं. कुठून कुठवर, ते तिनं सांगितलेलं नसतं.

पहिलं प्रकरण: अर्थ, व्याख्या, व्याप्ती, महत्त्व. वाणिज्य शाखेतल्या कोणत्याही विषयाचं पहिलं प्रकरण त्याला येतं, कारण सुरुवात त्यानं प्रत्येकाची केलेली आहे. व्याप्तीपाशी पोचतो तोच मोबाईल थरथरतो. "उठला का बे?"

वरवर पाहता हे आमंत्रण वाटेल. ती हजेरी आहे. घरी बसलेल्या मित्राबद्दल दोनच शक्यता असतात: तो झोपला असेल, नाहीतर अभ्यास करत असेल. पहिली चालते. दुसरी मनात आली की घास उतरत नाही. चौघं एकाच ओट्यावर बसलेले असले, म्हणजे निदान कोणी पुढे गेलेलं नाही एवढं चौघांनाही ठाऊक असतं. पेपर तोंडावर आला असताना पोट्टे टवाळक्या करतात, असं गल्लीतले ज्येष्ठ नागरिक म्हणतात. त्यांनी नीट पाहिलेलं नाही. पोट्टे पहारा देत असतात, एकमेकांवर.

पहाऱ्याची पहिली चौकी पोह्यांच्या ठेल्यावर. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री पडते, आणि ती नको म्हणणाऱ्याला ठेलेवाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतो. प्लेट हातात आली की विधी सुरू.

"किती झालं बे तुह्यं?"

"कायचं किती? कव्हरच पाहून रायलो अजून."

"माह्यं त पुस्तकच घरी नाही. कोणाजवळ गेलं, तेही आठवून नाही रायलं."

"मी त ठरवूनच टाकलं, हिवाळीत देतो."

हा लिलाव उलटा चालतो. बोली खाली खाली जाते आणि ज्याचं सगळ्यांत कमी झालं तो जिंकतो. इथं खरं बोलणं शिष्टाचाराला धरून नसतं. एखाद्यानं "माझी दोन युनिटं झाली" असं सांगितलं, तर तर्रीची चव जाते. पुढची पाच मिनिटं कोणी बोलत नाही, आणि पोह्यांचे पैसे त्याच्याच नावावर निघतात.

या चौघांची ओळख करून द्यायला हवी. एक आपला. दुसरा 'भाऊ'. याचं मूळ नाव त्याच्या हॉल तिकिटावर आहे आणि तिथंच राहिलं आहे. भाऊ रिपीटर. कॉस्टिंगला तो आधीही बसलेला असल्यामुळे या विषयात त्याचा शब्द अखेरचा. "मॅन्युफॅक्चरिंग अकाउंट नाही येत, लिहून घे," असं तो सांगतो आणि सगळे लिहून घेतात. ज्याला पेपर सुटला नाही, त्याच्याकडून सुटेल कसा ते शिकावं, यात काही विसंगती आहे असं इतवारीत कोणाला वाटत नाही. तिसरा गाडीवाला, त्याची योग्यता गाडीपुरती, पण तेवढ्यावर तो पदवीधर होईल. चौथा चुप्पा. त्याला "किती झालं?" विचारलं की तो "पाहू" म्हणतो. या एका शब्दानं तिघांची झोप उडालेली आहे. 'काहीच नाही झालं' यावर माणूस विश्वास ठेवू शकतो. 'पाहू'चं काय करायचं?

नाश्त्यानंतर ओटा. इतवारीत रविवारची ही सोय मोठी. सहा दिवस इथं पाय ठेवायला जागा नसते. हमाल, हातगाड्या, छोटे टेम्पो, पाठीवर पोती, मिरचीची खाट आणि तिच्यात शिंकत शिंकत सौदे करणारी माणसं. रविवारी घाऊक बाजाराची बहुतेक शटरं खाली असतात आणि एकेका पेढीचा लांबलचक ओटा मोकळा पडलेला असतो. अकरा वाजेपर्यंत सावलीही मिळते. समोर गल्लीत बारकी पोरं तीन विटांचे स्टंप लावून क्रिकेट खेळत असतात. ज्या ओट्यावर शनिवारी लाखांचा माल उतरला, तिथं रविवारी कॉस्टिंगचं एक पुस्तक चौघांत उघडं पडलेलं असतं आणि त्यावर उडू नये म्हणून मोबाईल ठेवलेला असतो.

ओट्यावर काय बोलतात? सगळं. या मुलांना इतिहास येत नाही असा शिक्षकांचा समज आहे. त्यांनी इथं येऊन बसावं. मिरवणुकीतली काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी. कोणत्या साली कोणाचा बडग्या, म्हणजे टवाळीचा पुतळा, निघाला आणि पुढे काय झालं, हे यातला प्रत्येक जण झोपेत सांगेल. कॉस्ट अकाउंटंट्सचा कायदा १९५९ चा, हे मात्र सात वेळा वाचूनही राहत नाही. यंदा कॉस्टिंगचाच बडग्या काढू, असा ठराव गाडीवाला मांडतो. भाऊचं अनुमोदन. चुप्पा म्हणतो, "पाहू."

मग पेपर कोणी काढला असेल, याची चर्चा. भाऊच्या मावसभावाच्या ओळखीच्या कोणाच्या तरी सरांनी काढला आहे, हे दर परीक्षेला निष्पन्न होतं. मला यात आजोबांच्या पिढीची दया येते. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. पण तेव्हा परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची असायची आणि १९०४ नंतर अलाहाबादची. कलकत्त्याच्या परीक्षकाचा मावसभाव इतवारीत कुठून असणार? बिचाऱ्यांना अफवेशिवाय परीक्षा द्यावी लागली. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, आणि परीक्षक एकदाचे ओट्याच्या टप्प्यात आले. उच्च शिक्षणाचं हे विकेंद्रीकरण इतिहासकारांनी पुरेसं नोंदवलेलं नाही.

दहाला झेरॉक्स. परीक्षेच्या दिवसांत सगळा बाजार बंद असला तरी झेरॉक्सवाला उघडा असतो. त्याचं स्वतःचं शिक्षण विचारण्यात अर्थ नाही. कुठल्या विषयाला काय 'आयएमपी' आहे हे त्याला प्राध्यापकांच्या आधी कळतं, कारण तेच पान दिवसभरात शंभरदा मशीनवरून जातं. "कॉस्टिंगमध्ये प्रोसेस जास्त चालून रायली," असं तो बाजारभाव सांगावा तसं सांगतो. त्याच्याकडे वर्गातल्या एका मुलीच्या नोट्सचा संच असतो. अक्षर मोत्यासारखं, मथळे दोन रेघांत, सगळं जिथल्या तिथं. फक्त अकरानंतर तेरावं पान येतं. बारावं कोणी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षीपासून अर्ध्या वर्गाचं उत्तर 'म्हणून खालील तीन पद्धती' इथून एकदम 'अशा प्रकारे हे फायदे होत' इथं उडी मारतं. ती मुलगी स्वतः या रविवारी घरी असते. तिच्यावर पहारा नसतो, कारण तिच्यावर संशयच नाही. ती अभ्यास करतेय हे जगजाहीर आहे. बारावं पान गहाळ झालं की ठेवलं, यावर मात्र माझं स्वतंत्र मत आहे.

झेरॉक्सचे पैसे घरून शंभर आणलेले असतात. चाळीस लागतात. उरलेल्यांतून गाडीत पेट्रोल.

बारानंतर ओटा तापतो आणि मंडळी 'ग्रुप स्टडी'साठी आपल्या माणसाच्या घरी येतात. आई कैरीचं पन्हं देते, चौघांना एकत्र पुस्तकासमोर पाहून तिचे डोळे भरून येतात, आणि ती दार ओढून घेते. दार ओढलं की चौघं आडवे होतात. कूलरच्या तोंडापुढची जागा ज्येष्ठतेनुसार भाऊची. साडेबाराच्या सुमारास पहिला घोरतो. चुप्पा भिंतीकडे तोंड करून झोपतो. पांघरुणाखाली पान उलटल्याचा आवाज आला असं गाडीवाल्याचं म्हणणं, पण त्या उकाड्यात पांघरूण घेतलं हाच खरं तर पुरावा होता.

दीडला वीज जाते. यावर पूर्वी उपाय नव्हता. आता आहे. ११ डिसेंबर २०२२ ला सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो धावू लागली, आणि अग्रसेन चौकाच्या स्टेशनात शिरलं की बाहेरचा मे महिना संपतो. चौघं पुस्तकासह चढतात. बेत असा, की प्रजापती नगरपर्यंत जायचं आणि तिथून पार लोकमान्य नगरपर्यंत, गार हवेत एक युनिट पुरं होतं. बेतात खोट नाही. पण ज्या गल्ल्यांत जन्म गेला त्या वरून पहिल्यांदाच दिसू लागतात. गच्च्यांवर वाळत घातलेल्या कुरडया, पाण्याच्या टाक्या, गच्चीवर कोणाची ताई फोनवर बोलतेय आणि ती खालून कधी दिसली नसती. "अबे, ते पाय, माह्यं घर!" असं चौघांनी चार वेळा ओरडून झालं की दोन्ही टोकं संपतात. युनिट दोन ज्या पानावर चढलं त्याच पानावर उतरतं.

चारच्या सुमारास मोबाईलवर परिपत्रक येतं. 'उष्णतेच्या लाटेमुळे उद्याचा पेपर पुढे ढकलण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. दर उन्हाळीला हे येतं. शिक्का कधी तिरपा असतो, कधी वर्ष जुनं असतं, आणि तरी एक अख्खा तास चौघं त्यावर विश्वास ठेवतात. हा तास त्या रविवारचा सर्वांत सुखाचा. भाऊला उचंबळून येतं आणि तो मोठ्या भावाची कथा सांगतो: २०२० साली कोरोनात अंतिम वर्षाची परीक्षा मोबाईलवर झाली, भावानं घरी पलंगावर बसून दिली. "चहा पिऊन रायलाय आन् पेपर देऊन रायलाय!" तो सत्ययुगाचं वर्णन करावं तशा स्वरात सांगतो. "पर्याय चार. खाली बोट ठेवा, झालं." बाकीचे तिघं हळहळतात. आपण काही वर्षं उशिरा जन्मलो, याचं दुःख पाचपर्यंत पुरतं. पाचला दुसरा संदेश येतो: 'ते फेक आहे.'

आता मात्र देवाकडे जावं लागतं. टेकडीच्या गणपतीला. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या रांगेत उभं राहिलं तर कुठल्या शाखेचा उद्या कोणता पेपर आहे हे चेहऱ्यांवरून कळतं. इंजिनिअरिंगवाले डोळे मिटून असतात. वाणिज्यवाले आजूबाजूला कोणकोण आलंय ते पाहत असतात. आपला माणूस हॉल तिकीट खिशातून काढून गणपतीला दाखवतो, सीट नंबरची गडबड नको म्हणून. भाऊ हात जोडत नाही. नुसती मान हलवतो. आता त्यांची ओळख झालेली आहे.

परतताना गोळीबार चौकाकडून सावजी मसाल्याचा वास येतो. सोमवारी पेपर असलेल्या माणसानं रविवारी रात्री सावजी खाऊ नये, हे त्याला, त्याच्या आईला आणि त्याच्या पोटाला माहीत असतं. म्हणून तो नुसता पाटवडी रस्सा घेतो. दुसऱ्या घासाला कपाळावर घाम, चौथ्याला कानात शिट्टी. उद्या पेपरात घाम फुटला तर त्याचं कारण ठरलेलं असावं, एवढी दूरदृष्टी या जेवणात असते.

इथंच चुप्पा घात करतो. "डोकं दुखून रायलं," म्हणून आठलाच उठतो. उरलेल्या तिघांना पुढचा घास गोड लागत नाही, तिखट तर लागतोच. दहा मिनिटं थांबून तिघं एका गाडीवर बसतात आणि त्याच्या गल्लीतून हळूच चक्कर मारतात. खोलीतला दिवा बंद. "झोपला बे," गाडीवाला म्हणतो. खात्रीसाठी दुसरी चक्कर. दिवा बंदच. मग तिघांचं मन स्वच्छ होतं. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर, असंही भाऊ म्हणतो. चुप्पा तेव्हा मामाकडे पाचपावलीला पोचून तिसरं युनिट संपवत होता, हे निकालापर्यंत कळणार नाही.

साडेदहाला आपला माणूस घरी येतो. वडील गच्चीवर सतरंजीवर बसलेले, पुढ्यात लाल वही. पेढीवर टॅली आहे, संगणक आहे. पण शेटजींचा विश्वास वहीवर, म्हणून रविवारी रात्री आठवड्याचा मेळ घरी बसून घालायचा. मुलगाही शेजारी पुस्तक घेऊन बसतो. आज दिवसात पहिल्यांदाच तो एकटा आहे आणि पहाऱ्यावर कोणी नाही.

"उद्या कायचा पेपर?"

"कॉस्टिंगचा."

"त्यात काय असते?"

"आता... प्रोसेस. म्हणजे माल टाकला की काही लॉस होते. नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस. दोन वेगळे काढायचे." हे त्याला झेरॉक्सवाल्यामुळे माहीत.

वडील वहीतून मान वर काढत नाहीत. "शंभर किलो हळद आली. पडून पडून दोन किलो घटली. मग पैसा शंभराचा अन् भाव अठ्ठ्याण्णवावर लावायचा. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं त्या अठ्ठ्याण्णवावरच. ते का?"

मुलगा पुस्तकात पाहतो. सोडवलेलं पहिलं उदाहरण हेच आहे, फक्त हळदीच्या जागी रसायन 'एक्स' आहे. "हाव. हे नॉर्मल."

"अन् पोतं पावसात भिजलं त ते भावात नाही घालत. गिऱ्हाइकानं कायले भरावं? ते सरळ नुकसानीच्या खात्यात."

"हे ॲबनॉर्मल." युनिट तीन संपलेलं असतं. सकाळी पाचपासून जे झालं नाही ते दीड मिनिटात, तेही दहावी झालेल्या माणसाकडून. मुलाच्या मनात क्षणभर येतं, की चुप्प्याला फोन करून सांगावं, माझं एक युनिट झालं. पण शिष्टाचार आड येतो.

वडील पान उलटतात. "पाचला उठला होता म्हणे तू."

"हाव."

"पन्नास पानं झाली असतील."

मुलगा गप्प.

"मंग हा आजचा दिवस मी कशात धरू? घट, का नुकसान?"

प्रश्न सोपा होता. नेहमी होतं ते नॉर्मल, अवचित होतं ते ॲबनॉर्मल. त्यानं सेमिस्टरभरात पहिल्यांदा न अडखळता उत्तर दिलं. "घट, बाबा. दर रविवारी होते ती."

"घट शेकडा दोन असते बाबू. शेकडा शंभर नाही."

"पण पेपरात टक्के दिलेले राहतात, बाबा," तो म्हणाला. "इथं दिलेलेच नाही."